शेऱ्याचा रकाना

अंधेरीत नवव्या मजल्यावर माझं काम हे :
सिनेमा बघायचा
आणि एकेका देशापुढे वय भरायचं.
फ्रान्स, सगळ्यांना. जर्मनी, बारा. ब्रिटन, पंधरा.
नेदरलँडला वयाशेजारी चित्रंही लागतात,
मारामारीला मूठ,
भीतीला इवलासा कोळी.
कुठल्या देशात पोर कधी मोठं होतं
हे आता घरच्यांच्या वाढदिवसांसारखं पाठ झालंय.

आजचा सिनेमा जुना, धुऊन-पुसून नवा केलेला.
त्यात एक बाई चार सेकंद पाठमोरी बसून
उघड्या पाठीवर वेणी सोडते.
आणि तिचा नवरा तिला अकरा वेळा मारतो.
मी मोजलं. मोजायचाच पगार आहे.
एक देश पाठ बघून दचकतो,
दुसऱ्याला पाठ दिसतच नाही,
तो हाताकडे बघत असतो.

एकोणऐंशी साली आपल्याकडे तो निव्वळ प्रौढांसाठी होता.
आणि प्रौढ कोण,
ते चिंचपोकळीच्या चित्रज्योत टॉकीजपुरतं
माझे बाबा ठरवायचे.
दारावर उभे, मुठीत तिकिटांचे तुकडे,
नजर थेट वरच्या ओठावर.
एका पोराची मिशी घामाने हनुवटीपर्यंत ओघळली,
बहिणीच्या काजळाची होती.
बाबांनी त्याला रुमाल दिला
आणि घरी धाडलं.

मग द्वारका आली.
हिरवा चुडा, कडेवर झोपलेलं पोर,
पुढे गोदीत क्रेन चालवणारा नवरा.
वय?
सतरा, ती म्हणाली.
खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.
अहो, बायको आहे माझी, नवरा म्हणाला.
असेल, बाबा म्हणाले, पण सतराची आहे.
रांग हसली.
तिकिटाचे पैसे कशाला बुडवायचे, म्हणून तो एकटा आत गेला.

ती तीन तास पायरीवर.
दाराला मखमली पडदा होता, जुना, जागोजागी विरलेला.
आतलं सगळं ऐकू यायचं.
अकराही.
पाठ तेवढी ऐकू येत नाही.

पुढच्या वर्षी ती एकटीच आली,
शाळेचा दाखला पदराच्या गाठीत.
तेव्हा लागला होता देवादिकांचा सिनेमा,
दारात नारळ फुटत होते,
तान्ह्या पोरांनाही मुभा.
बघा तरी, ती म्हणाली.
बाबांनी दाखला उलगडला
आणि उभ्याउभ्या पूर्ण वाचला,
हेडमास्तरांच्या सहीसकट.

भारताच्या रकान्यात मी आज भरलं : तेरा.
शेऱ्याला साठ अक्षरांची जागा असते.
लिहिलं, पाठ चार सेकंद, मार अकरा वेळा.
बरीच जागा उरली.

संध्याकाळी बाबांना फोन केला.
तो सिनेमा आता तेराला चालतो, म्हटलं.
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
त्या पोराला तरी आत सोडायला हवं होतं गं.
झोपलेलंच होतं ते.