नाकाशी सूत

बारा वाजता एलियासचा जनरेटर थांबतो.
आधी खोकतो, मग खाली गल्लीत
जेवण उरकल्यासारखी धुराची ढेकर देतो,
आणि बुर्ज हम्मूदच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
नझारेतच्या उशाशी ठेवलेलं यंत्र
लांब सुस्कारा टाकून गप्प होतं.

नळी लुळी पडते.
झोपेतच तो मुखवटा ओरबाडून काढतो
आणि सुरू होतं ते जुनं:
घोरणं, घोरणं, मध्येच
काही नाही.
मी मोजते. सतरा. अठरा.
एकदा एकतीस झाले होते.
तेव्हा शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा तोडून
मी त्याच्या नाकाशी धरला होता.
हलला.
सकाळी त्याच दोऱ्यानं त्याच्या शर्टाचं बटण लावलं,
त्याला काही बोलले नाही.

मुनीर आधी ट्रकची बॅटरी दाखवतो.
शिसं आणि तेजाब. दोघांनी उचलावी अशी.
"स्वस्त आहे, मादाम. पण अर्धीच वापरायची,
अर्ध्याखाली गेलात की ती आतून मरत जाते."
"म्हणजे आमच्या लग्नासारखी," नझारेत म्हणतो.
मुनीर हसतो. मी वही काढते.

कापड बेततात तशी रात्र बेतायची:
बारा ते सहा, सहा तास.
यंत्र तीस वॅट खातं,
हवा ओलावणारी टाकी तापवली तर दुप्पट.
मध्ये इन्व्हर्टर बसवला
तर तो दलालासारखा आपलं कापून घेतो;
थेट वायर घेतली तर वाचतं.
वर वीतभर जास्त धरायचं,
कारण थंडीत बॅटरी आटते
आणि एलियासचा काही नेम नाही,
डिझेल नसलं तर तो दहालाच निजतो.

मग काउंटरखालून लिथियमची पेटी येते,
वर मूठ असलेली, माझ्या शिवणयंत्राएवढी.
किंमत डॉलरात, रोख, नोटा न दुमडलेल्या.
आमचे तीस वर्षांचे पैसे बँकेत आहेत,
म्हणजे, आहेत असं बँक म्हणते.

नझारेत पेटीभोवती फिरतो.
पन्नास वर्षं त्यानं लोकांच्या मनगटांत
मसुराएवढ्या बॅटऱ्या बसवल्या,
डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून.
(तो सवयीनंच श्वास रोखतो, असं मी म्हणायचे,
डॉक्टरांनी नाव सांगेपर्यंत.)
"ट्रकचीच घे," तो म्हणतो. "मी कुठे जाणार आहे?"

कुठे जाणार आहे.
तीन वर्षं झाली, अंजारला
झोविनारच्या घरी तो रात्री राहिलेला नाही.
सफरचंदं उतरवायला सकाळी जातो, अंधार पडायच्या आत परततो,
लेकीला सांगतो, तुझी गादी कडक आहे.
तिच्याकडे तर वीज पाहुण्यासारखी येते.
नातू विचारतो, आजोबा रात्री कुणाचे असतात?

मी पेटीची मूठ धरून उचलली.
जड होती. पण जिना उतरता येईल,
बसमध्ये मांडीवर घेता येईल.

ओव्हरलॉकचं मशीन तकूहीनं नेलं,
भाव न करता, त्यामुळे मला जास्त लागलं.
आता कडा हातानं शिवते.

पहिली रात्र. बारा.
खाली खोकला, ढेकर, अंधार.
पेटीवर एक हिरवा आकडा, अठ्ठ्याण्णव,
आणि नळीतली हवा जशीच्या तशी.
मी मोजत राहिले. कशाला, ते कळेना.
सवय म्हणून, की पेटीवर नजर म्हणून.
दोनला सत्त्याऐंशी. चारला शहात्तर.
मध्ये कधीतरी मी आकडा चुकले.

पहाटे तो उठून बसला, घसा खरवडत,
मुखवट्याचे वळ गालावर.
"पाण्याची टाकी का बंद केलीस?
तोंड पार वाळवंट झालंय."

झालंय खरं.
अंजारला जाताना आठवणीनं
मोठी पाण्याची बाटली घ्यायची,
वहीत लिहून ठेवलं,
आणि चहा टाकला.