जागल

चार दिवस ठोंबरेभाऊंनी कांदे ठेवले होते
काचेच्या ग्लासांवर, बूड तेवढं पाण्यात.
खिडकीत बारा ग्लास, अकरा कांदे.
एक शनिवारी कोणीतरी भज्यांसाठी नेला.

लाइट नव्हती. असती तरी
आमच्या सूक्ष्मदर्शकांना खाली आरसाच आहे.
थेट सूर्याकडे धरायचा नाही, डोळा जाईल.
ग्रामपंचायतीच्या चुन्याच्या भिंतीकडे वळवायचा.
तिथून येतो तेवढा उजेड अकरावीला पुरतो.

मुळाचं टोक, कणीएवढं. ॲसिड.
स्पिरिटच्या दिव्यावर ऊब, उकळी नको. मग रंग.
मग काचेवर काच, आणि अंगठा,
"ऊ मारतात ना तसा, पण मायेनं."
वर्ग हसला.

वैजयंता पेंदोर बसली होती एक डोळा तळहातानं झाकून.
"मॅडम, हे त नुसते जांभये गोये हायेत."
"सरकव. काही पेशी दुभंगताहेत,
तिथे दोरे दिसतील. आखूड, जाड."
"थे दिसले. पण बाकीच्यायतले दोरे कुठी गेले?"

पुस्तकात एक ओळ आहे: केंद्रकात गुणसूत्रांचं जाळं असतं.
एकोणीस वर्षं मी तेच सांगत आले,
फळ्यावर वाटीत शेवया काढून.
मागल्या उन्हाळ्यात अमरावतीच्या प्रशिक्षणात कळलं,
जाळं नाही ते.
माणसाच्या एका पेशीत दोन मीटर धागा,
आणि घर सरकीच्या हजाराव्या हिश्शाएवढं,
तरी गुंता नाही.
ज्याची त्याची जागा. मध्ये बांध,
पण बांधावरून पायवाट जाते तशी थोडी सरमिसळ.
धागा वळसा घेतो, वळशाला एक कडी धरून ठेवते,
लांबचं टोक मग जवळ येतं
आणि सांगतं, आता तू बोल.
बोलणारे बहुतेक मधल्या अंगाला.
गप्प असलेले कडेला, भिंतीला पाठ लावून,
घट्ट गुंडाळलेले, कोणी न वाचलेले.

एवढं सांगितलं आणि थांबले.
मधल्या बाकांवर गावातली पोरं.
भिंतीला लागून नाल्यापलीकडच्या टोल्यावरची चौघं.
कोणी बसवलं नव्हतं. मी तरी नाही.
उठवलंही नव्हतं.

वैजयंतानं डोळा काढला नाही.
"हे उलटं होते का कधी, मॅडम?"

होतं.
रात्री हिंडणाऱ्या काही जनावरांच्या डोळ्यात,
उंदीर म्हण, मांजर म्हण,
अंधुक उजेड पकडणाऱ्या पेशींत
गप्प असलेले भिंत सोडतात,
मध्ये येऊन एक होतात, भिंगासारखे,
आणि जो काय कण दोन कण उजेड मिळेल
तो इकडेतिकडे सांडू न देता पुढे पाठवतात.
बोलणारे तेव्हा कडेला.
जन्मतः नसतं हे.
पिल्लाचे डोळे उघडल्यावर कित्येक आठवडे चालतं.

"म्हंजे ज्याले अंधारात पाह्य लागते, त्याचंच."
"हो."

तिनं आरसा अर्धं बोट वळवला.
"मी जाते जागलीले. बाबाचा पाय मोडला तवापासून.
हरभऱ्यात डुकरं येतेत.
बॅटरी नाई लावत मी.
बॅटरी लावली का गोलाच्या भाईर काईच दिसत नाई."

घंटा झाली. ठोंबरेभाऊ काचा धुवायला घेऊन गेले.
फळा पुसायचा राहिला होता,
म्हणून सगळ्यांच्या जर्नलमध्ये वाटी आणि शेवया.
तिच्या पानावर फक्त एक गोल
आणि मधोमध काळा ठिपका,
कागद फाटेस्तोवर गिरवलेला.
नमुन्याचं नाव लिहायच्या जागी
तिनं लिहिलं होतं: कांदा नाही.

मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक येतील, विचारतील.
मी खाली सही केली.