शिट्टी

एकतीस वर्षं मैनोद्दीन जमादार
दुसऱ्यांच्या मतपेट्या राखत बसला.
औशात, निलंग्यात, एकदा पार किनवटला.
शंभर मीटरवर चुन्याची रेघ ओढून
पुढाऱ्यांनाबी म्हणायचा,
सायेब, पाय रेघंच्या मागं.

रिटायर झाला अन् सरपंचकीला उभा राहिला.
चिन्ह मिळालं शिट्टी.
गाव हसलं. पोरं रात्री बारापर्यंत फुंकायची,
कुत्री भुंकायची, प्रचार फुकटात.

बाकीच्यांनी पाकिटं धाडली, बोकड कापलं.
हा आदल्या रात्री एकटाच आला माझ्या दारी.
ड्रेस नाही, काठी नाही, नुसता लुंगीवर.
पाणी दिलं. पिला. तांब्या खाली ठेवत बोलला,
"शिवाप्पा, ती पाणबुडी मोटार तू नेली नव्हतीस.
मला तवाच ठाऊक होतं.
वरून फोन होता."

बारा वर्षं झाली त्याला.
माझा डावा कान तवापासून बंद.
मत दे म्हणला नाही. माफ कर, तेबी नाही.
अंधारात त्याला चप्पल सापडंना,
तर मीच बॅटरी दाखवली.

सकाळी शाई लावणाऱ्या बाईनं बोट धरलं
तसं अंग चोरलं मी.
ठाण्यात असंच धरलं होतं, ठशासाठी.

चार मतांनी पडला.

मी कुणाला दिलं ते बायकोलाबी सांगितलं नाही.
आता पारावर भेटला की
तो वळसा घालून
माझ्या उजव्या अंगाला येऊन बसतो,
अन् मगच बोलायला लागतो.