मागची कळ

आधी रबर नुसतं मऊ पडलं.
मग एका उन्हाळ्यात, हेल्टरमाच्या धक्क्यावर
फेरीबोटीच्या रांगेत उभं राहून राहून
डांबरासारखं बोटाला लागलं,
आणि त्यानंतर लागतच राहिलं.

मी पियानो जुळवतो. आमच्या बेटावर
एक्केचाळीस आहेत, त्यातले सहा फुलदाण्या ठेवायला.
हत्यारांची पेटी, नमद्याच्या पट्ट्या, तारांची वेटोळी,
सगळा संसार डिकीत.
आणि डिकीची कळ अंगठ्याखाली
चिखलासारखी खचायची. आत काही वाजायचं नाही.

दोन हिवाळे मी पुढून मागे शिरलो.
एकसष्ट वर्षांचे गुडघे दुमडून,
सीट पाडून, नमद्यावर पालथा पडून
आतल्या कुलपाचा खटका चाचपत.
एमास्तेच्या पाद्रीणबाईंनी एकदा खिडकीतून पाहिलं
आणि अदबीने पडदा ओढून घेतला.
हेल्यू म्हणायची, बदलून टाक ना.
मला कळ सोसायची सवय होती,
बदलायची नव्हती.

घोडं अडलं ते शाळेत.
तासभर सूर लावून उठलो, तर लेलो नावाची मुलगी
पट्ट्यांकडे बघत म्हणाली,
"तुम्ही ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या खात वाजवता का?"
पांढरी चार, पांढरी पाच, मग वरचं अख्खं सप्तक:
जागोजागी माझा अंगठा उमटलेला,
पोलीस ठाण्यात उमटवावा तसा.
स्पिरिट लावलं, रुमाल फिरवला, शेवटी थुंकी.
एका पट्टीवर अजून आहे. फिकट. मला दिसतो.

मुख्य भूमीवरच्या गॅरेजने सांगितलेला आकडा
मी घरी बोललोच नाही.
भंगारवाल्या उनोकडे याच बनावटीची गाडी होती,
एल्कने समोरून चेपलेली, मागून धडधाकट.
दोन किलो धुरी दिलेल्या माशांत सौदा ठरला.
"काढून तू घे," तो म्हणाला, "मी खातो."

रविवार. कोठाराचं दार उघडं, ऑक्टोबरचं उतरतं ऊन.
आतलं पॅनेल ओढलं तर तीन क्लिपा सुटल्या,
चौथी तुटली, पाचवी कुठे उडाली देव जाणे.
दहा नंबरचे दोन नट, गंजून एकजीव.
तेल घातलं. चहा प्यायलो. पुन्हा तेल.
दोन तारा, मिठाने खाऊन हिरव्या झालेल्या,
कातरीखाली वाळल्या काडीसारख्या मोडल्या.
मी आयुष्यभर तारा ताणल्या,
या दोन मात्र पुरत नव्हत्या, बोटभर कमी.
मग पियानोच्या नाही, जुन्या रेडिओच्या वायरीचा तुकडा,
कथिलाचा थेंब, थोडा धूर,
आणि डाव्या करंगळीवर एक फोड, वर्षभराची वर्गणी.

सगळं बसवल्यावर एक स्क्रू उरला.
त्याच्याकडे मी पाहिलं नाही, त्याने माझ्याकडे.

दाबली.
टक्.
पांढरी दोनच्या केसभर खाली,
पण स्वच्छ, गोल, कडेला कुठे घरघर नाही.
दार श्वास सोडत वर गेलं.
मी लावलं. पुन्हा टक्. हेल्यू दारात येऊन म्हणाली,
आता तरी आत ये, सूप गार होतंय.
मी आणखी नऊदा ऐकली.

दुसऱ्या दिवशी काइनाच्या म्हातारीकडे पोचलो,
गाडी थांबवली, उतरलो,
मागचं दार उघडलं, सीट पाडली
आणि गुडघा वर टेकवल्यावर आठवलं.
तिसऱ्या दिवशीही. परवाही.

जुनी कळ टाकवली नाही.
मधोमध खळगा पडलाय, माझ्या अंगठ्याच्या मापाचा.
पियानोच्या मोडक्या हातोड्या ठेवतो त्या बिस्किटांच्या डब्यात
सगळ्यात वर ठेवली, झाकण घट्ट लावलं.
आज एक हातोडी हवी होती.
झाकण आतून चिकटलंय.
हेल्यू ओढतेय, मी डबा धरलाय,
आणि आम्ही दोघंही हसून हसून
कुणाचाच जोर लागू देत नाही.