नऊ हजार आठशे पाच

जामनेर रोडला, बेअरिंगच्या दुकानावर आमची खोली.
मे महिना. कूलरमधलं पाणीसुद्धा कढत.
बेंडाळे शेठना पहिल्याच दिवशी म्हटलं,
केळीचे भाव कॅशमध्ये ठेवू या,
तर त्यांनी गल्ल्याचं कुलूप ओढून बघितलं.

तशी नाही हो ती कॅश.
ही तीन मशिनांत वाटलेली आठवण:
एक इथं भुसावळला, एक जळगावात,
एक फैजपूरला, पिठाच्या गिरणीमागे,
गिरणी सुरू झाली की त्याचा पंखा दमतो.
सगळं असं कुणालाच ठाऊक नसतं.
बाकीची दोन आहेत, हेही त्यांना माहीत नाही.

मी चावी देते: सावदा, नवती, मंगळवार.
चावीच्या अक्षरांचाच एक हिशेब निघतो
आणि तो सांगतो कुणाच्या दारात जायचं.
लग्नात हरवलेली चप्पल शोधत फिरावं
तसं फिरावं लागत नाही.

परत येताना किंमत येते, किंमतीची लांबी येते,
आणि निरोप: गवसलं.
किंवा, नाही गवसलं.

न गवसणं ही चूक नसते, हे मला उशिरा कळलं.
मुदत सरली असेल. जागा हवी म्हणून
कुणी जुनं बाहेर काढलं असेल.
मग सावद्याला फोन.
काट्याशेजारी रुबाब तडवी वही उघडतो,
पेनाचं टोपण दातात,
"थांब वं ताई."
खरा आकडा तिथं असतो.
मी तो पुन्हा ठेवते, पंधरा मिनिटांपुरता.

त्या मंगळवारी मात्र गवसलं होतं.
पिलबाग, नऊशे ऐंशी.
तीन अक्षरं, लांबी तीन, सगळं बरोबर.
मी ते माझ्या डब्यात ओतलं.
डब्यात मघाचा नवतीचा भाव पडून होता,
चौदाशे पंचवीस,
आणि मी शेवटचं शून्य लावायला विसरले.
ते शून्य छापलं जात नाही, लांबीत धरलं जात नाही,
ते फक्त म्हणतं: बस, इथवर.

९, ८, ० जाऊन बसले १, ४, २ वर.
५ जागचा हलला नाही.

दहा वाजून चार मिनिटांनी रावेरपासून चोपड्यापर्यंत
प्रत्येक फोनवर: पिलबाग, ९८०५.

वाघोद्याला घड कापणारे कोयता धरून उभे राहिले.
निंभोऱ्याला भरलेला ट्रॅक्टर कुणीतरी मागे वळवला.
चिनावलहून शेठना विचारणा आली,
पेढे कंदी पाठवू की साधे.
रुबाबचा फोन आला. तो हसत नव्हता.
"ताई, हा पाच कोणाचा?"

दुपारचे तीन झाले ती ओळ सापडायला.
आणि तिच्याखाली आणखी एक ओळ,
जी तिथं नव्हतीच.
सीमध्ये जे परत मिळतं, त्याची जागा
आपणच मोकळी करायची असते.
देणारा करत नाही.
सहा महिने मी विचारलेला भाव
दाखवून झाल्यावरही मुठीत धरत गेले,
मग दुसरा, मग हजारावा,
म्हणून पहाटे प्रोग्रॅम गुदमरून पडायचा
आणि रात्रपाळीचा झोपे (आडनाव आहे ते)
त्याला उठवून लिहून ठेवायचा: उष्णतेमुळे.

शुक्रवारी माफी मागायला सावद्याला गेले.
काट्याखाली पानांचा चिकट चुरा,
रुबाबनं वही माझ्याकडे फिरवली.
मंगळवार. पिलबाग. ९८०
आणि पुढे तिरकी रेघ, रेघेला लागून एक आडवी.

"हे कशाला?"
"मागून कोणी आकडा चिकटवू नये म्हनून."
चौथीत असल्यापासून तो असंच लिहितो.

येताना बसमध्ये मी झोपेला मेसेज केला,
आज रात्री पडलं तर उठवू नकोस,
मला फोन कर.

फोन आला नाही.
मी मात्र तीनला जागीच होते.