पाव वळसा

रात्रीचे साडेबारा. हेस्कॉमची मेहरबानी, लाइट आहे.
खिडकी काळ्या पुठ्ठ्यानं बुजवलेली.
टेबलाला पाय लावायचा नाही, हा नियम माझाच,
आणि तो मीच मोडते.

काचेवर यीस्ट. कॅम्पातल्या बेकरीत कणीक फुगवतं
त्याचंच भावंड, पुण्याहून बर्फातून आलेलं,
एका प्रथिनाला हिरव्या चकाकीची शेपटी घट्ट टाचलेली.
सैल टाचली असती तर भिरभिरली असती कुठंही
आणि कोण कुठल्या अंगाला उभं आहे
मला कळलं नसतं.

"स्वल्प तिरगसरी," मी म्हणते.
माझ्या कन्नडला इरगौडा नेहमीसारखा हसतो
आणि पोलरायझरचं कडं फिरवतो. दहा अंश. तीस. साठ.
आईला जिथं लेकीचा कोंब फुटलाय
त्या मानेवरची रेघ मंदावत जाते.
नव्वदला काळोख.

गेली नाही ती.
सगळे रेणू तिथंच, एकाला एक खेटून.
प्रकाश आडवा थरथरतोय
आणि ते उभे, इतकंच.

वडगावात सुलाक्काच्या मागावर
निळा ताणा, डाळिंबी बाणा.
एकदा गिऱ्हाईक भांडायला आलं,
मी डाळिंबी निवडलेली, तुम्ही निळी बांधून दिलीत.
सुलाक्कानं साडीला हात नाही लावला.
बाईला खांद्याला धरलं
आणि दारातल्या उजेडात
थोडं फिरवलं.

एक वाजून बारा मिनिटं.
आई-लेक तुटायची वेळ.
काळोखात ठिणगी, मग रेघ, मग हिरवी चूड,
मानेतले तासभर उभे असलेले धागे
सगळ्यांनी मिळून कूस बदललेली,
ना हाक, ना दवंडी.

मी इरगौडाकडे बघते.
तो दोन्ही हात वर करून दाखवतो:
कड्याला बोट लावलं नाही.
मीही दाखवते.
असे आम्ही दोघं, अंधाऱ्या खोलीत, हात वर,
चोर पकडल्यासारखे.

"ह्याला मराठीत काय म्हणायचं?"
"पाव वळसा," मी वहीत लिहिते.
"पाव?" त्याला एवढंच ऐकू येतं, संध्याकाळपासूनचा उपाशी,
पिशवीतून बन काढतो,
मधोमध मोडतो,
मोठा भाग कुठला ते दिव्याशी धरून बघतो
आणि तो मला देतो.