पीळ सोडून ठेव

ने, ओन्नी, ने. पण आधी हात पूस.
केमियार्वीत पहिलं हिव पडलं की
अख्ख्या आळीला माझं गॅरेज आठवतं,
एरवी वर्षभर कुत्रं फिरकत नाही.

हा टॉर्क पाना. हातोडा नव्हे.
गंजलेला नट सैल करायला तुझ्या बापाचा तो लांब दांडा आहे,
त्यावर खुशाल उभा राहा, उड्या मार.
हा फक्त आवळायचा,
आणि तेही मापात.

माप इथे, मुठीच्या वर. वाचता येतंय? चष्मा देऊ?
चाळीसपासून दोनशेपर्यंत जातो,
म्हणून सायकलच्या हँडलला लावू नकोस.
दहा-बाराचं नाजूक दुखणं मोठ्याला कळत नाही.
त्यासाठी धाकटा आहे, निळ्या डबीत,
तो मी कोणालाच देत नाही.

दुकानात पोरं मला आकडे झळकणारा दाखवत होती,
बॅटरीवरचा, शिट्टी वाजवणारा.
म्हटलं, उणे पंचविसात वाजेल का रे ही शिट्टी?
तर एकमेकांची तोंडं बघत बसली.
सदतीस वर्षं मी कागद गिरणीत काटे तपासले,
दाबाचे, वाफेचे, वजनाचे.
खोटं बोलणारा काटा थरथरत नाही, ओन्नी.
तो अगदी शांत असतो.

एकशे दहा. तुमच्या गाडीला एकशे दहा.
आट्यांना तेल नको, ब्रशने घास, कोरडे ठेव.
शेजारचा शेजारी आवळू नकोस,
समोरासमोर जा, चांदणी काढल्यासारखा.
हात मुठीच्या मधोमध. हळू ओढ.
खट् झालं की थांब.
खात्रीसाठी अजून एकदा खट् करावंसं वाटेल.
तिथेच माणूस चुकतो.

तैस्तोला हे पटायचं नाही.
"माझ्या मनगटात आहे माप," म्हणायचा
आणि पान्याला पाइप जोडून लोंबकळायचा.
मग एका जानेवारीत, सोदान्क्युलाच्या रस्त्यावर,
आमचंच चाक आम्हाला ओव्हरटेक करून गेलं.
घाई नाही, गडबड नाही,
बर्फावरून सरळ, एकटं,
बर्चच्या झाडीत शिरलं.
उरलेल्या तिघांवर तिरके होऊन
आम्ही बघत राहिलो.
तो म्हणाला, "कुणाचं गं?"

दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पाना आणला त्याने.
पावती अजून आहे, मार्कांतली.
तो तिकडे, खिळ्यावर.
नाही, त्याला हात नको.

हां, तर काम झालं की मूठ उलटी फिरव,
सगळ्यात खालच्या आकड्यापर्यंत. त्याखाली नाही.
आत स्प्रिंग आहे. तशीच आवळून ठेवली
की तिला तो पीळच आपला आकार वाटू लागतो.
मग तोंडाने एकशे दहा म्हणते
आणि शंभरालाच सुटते.
पीळ सोडून ठेव. एक रात्रसुद्धा विसरू नकोस.

काय बघतोस?
हो. खिळ्यावरच्या त्याचा आकडा एकशे दहावरच आहे.
ऑक्टोबरात दोन गाड्यांची चाकं बदलली त्याने,
आमची, आणि तुझ्या आजीची.
मूठ फिरवायची तेवढी राहिली.
चार हिवाळे झाले.
आता तो कितीने चुकतो ते मला मोजता येईल,
यंत्र त्या कपाटातच आहे.

मोजलेलं नाही.

बरं, खोक्यात घालून ने, सीटखाली फेकू नकोस.
शंभर किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा बघ.
आणि परत आणशील तेव्हा
मी आधी आकडा पाहीन,
मग तुला कॉफी.